कारखान्याची मागची बाजू

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात टपालाने एक गुळगुळीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर हिरवं पान, पानावर पाण्याचा थेंब, आणि खाली लिहिलेलं, ‘जबाबदार गुंतवणूक’. आत असं होतं की ही फंडवाली मंडळी एखाद्या कंपनीत लोकांचे पैसे घालण्याआधी ती कंपनी पाण्याचं काय करते, कामगारांना कसं वागवते, गावाला काय त्रास देते, हे सगळं बघतात आणि मगच पैसे घालतात. आमचे मालक ललितभाई यांनी ती पुस्तिका चाळली आणि माझ्या टेबलावर टाकली. म्हणाले, “देखो बहनजी, हेमराजजी का धंदा अब बड़े लोगों ने खोल लिया.”

मी हसले आणि कामाला लागले. ललितभाई दिवसभर त्या हिरव्या पानावर चहाचा कप ठेवत होते.

हेमराज रहांगडाले यांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेल्याचं मला ललितभाईंनीच सांगितलं, सकाळी बाजार उघडल्या उघडल्या. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाची ऑर्डर टाकत होते. ती टाकली, भाव बरोबर पडला का ते पुन्हा बघितलं, आणि मग विचारलं, “कधी?” रडू वगैरे आलं नाही. अजूनही आलेलं नाही. काही माणसांच्या बाबतीत माझं असं होतं, आत कुठेतरी बधिर पडतं आणि तसंच राहतं. लिहून काही फरक पडतो का ते बघते आहे.

१९९९ साली मी गोंदियात ललितभाईंच्या शेअरदलालीच्या ऑफिसात लागले. स्टेशनच्या जवळ, एका कापडदुकानाच्या वरचा मजला. मी कुडव्याहून लुनावर यायचे आणि वाटेतल्या राइस मिलांची राख ओढणीवर घेऊन पोचायचे. या गावात पांढरे कपडे घालणाऱ्या माणसाला एक तर हौस दांडगी असते, नाही तर घरी धुणारं कोणीतरी सोशिक असतं. हेमराजभाऊ कायम पांढऱ्यात. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. घरची धानाची चांगली शेती, गोंदियात धानाचा व्यापार, समाजात मान. इतकं असून ऑफिसात येताना चपला बाहेर काढायचे आणि खुर्च्या रिकाम्या असल्या तरी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. ललितभाई रोज म्हणायचे, “अरे हेमराजजी, इधर बैठो.” ते रोज म्हणायचे, “इथं हवा लागते.” त्या कोपऱ्यात हवा अजिबात यायची नाही.

पहिल्यांदा आले ते वडिलांचे जुने कागदी शेअर घेऊन. ते कागद तेव्हा कॉम्प्युटरच्या खात्यात चढवून घ्यावे लागत होते. मी एकेक कागद बघत होते, तर त्यांनी त्यातले काही बाजूला काढले. सिगरेटच्या कंपनीचे होते. म्हणाले, “हे चढवू नका. हे विका.”

ललितभाईंना धक्काच बसला. दरवर्षी वाढणारा, घसघशीत लाभांश देणारा शेअर. त्यांनी परोपरीने समजावलं. हेमराजभाऊ खिशातून बिडी काढून पेटवत होते.

“बिड़ी पीते हो और शेयर नहीं रखते?” ललितभाई म्हणाले.

“पितो तं माह्या छातीच्या खर्चानं पितो, सेठ. दुसऱ्याच्या छातीवर कमाऊ कायले?”

ललितभाईंनी शेअर विकून दिले. त्यानंतर कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते हा किस्सा सांगायचे आणि शेवटी कपाळाला हात लावायचे.

हेमराजभाऊंचा हिशेब असा होता की पैसा म्हणजे घरचाच माणूस. त्यांच्या तोंडचं वाक्य असं, “पोरगा बाहेरगावी नोकरीले गेला, तं कोनाच्या संगतीत हाये हे बाप पाहत नाई काय? माहा पैसा तिथं जाऊन काय करून राह्यला, मले माहीत नको?” हे बघायची त्यांची रीतही ठरलेली होती. कंपनीचा अहवाल मी वाचून दाखवला तर ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. मग पिशवी उचलून पॅसेंजर गाडी धरायचे. छत्तीसगडकडे, नागपूरकडे, जिथे कारखाना असेल तिथे. समोरच्या फाटकाकडे जायचेच नाहीत. कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला जायचे. नाला कुठला, त्यातून काय वाहतं, पलीकडे वस्ती कोणाची, पाळी सुटल्यावर माणसं कशी चालतात, हे बघायचे. मागे चहाची टपरी असतेच, तिथे तासन्‌तास बसायचे. परत आले की स्टुलावर टेकून एवढंच म्हणायचे, “पाठ साफ हाये,” नाही तर, “पाठ साफ नाई.” पहिलं असलं की आम्ही ऑर्डर टाकायचो.

एकदा एका रसायनाच्या कंपनीचं असंच झालं. सगळ्या गोंदियात तिचा बोलबाला होता. डॉक्टर घेत होते, मास्तर घेत होते, ललितभाईंनी स्वतः घेतलेला. हेमराजभाऊ बघून आले आणि पिशवीतून एक बाटली काढून त्यांनी ललितभाईंच्या टेबलावर ठेवली. आत तांबूस पिवळं काहीतरी होतं. ललितभाईंनी बूच उघडून वास घेतला आणि खोकत खिडकीकडे गेले.

“ये क्या है?”

“तुमचा शेअर हाये, सेठ,” हेमराजभाऊ म्हणाले.

पण त्यांना संत समजू नका. त्या कंपनीचा भाव नंतर दुपटीने वाढला, आणि हेमराजभाऊ दर सोमवारी मला तोच भाव विचारायचे. मी सांगितला की जिभेने च्‌च्‌ करायचे. “लई वाढला बाप्पा.” घेतलेल्या शेअरांचा भाव ते कधी विचारायचे नाहीत, नाकारलेल्यांचा मात्र पाठ असायचा. मी एकदा चिडवलं, “काका, वाईट वाटतं ना?” ते म्हणाले, “वाटून राह्यलं ना. वाटनार नाई तं काय?” आणि बिडी पेटवली. मला त्यांचं हे आवडायचं.

त्यांच्याकडे फोन नव्हता, मोबाईल आले तरी त्यांनी घेतला नाही. त्यांची एकुलती मुलगी मीना आमच्या ऑफिसच्या नंबरवर फोन करायची, शनिवारी दुपारी. शनिवारी बाजार बंद, ऑफिस अर्धा दिवस उघडं. फोन मीच उचलायचे. “ताई, बाबूजी आले काय?” असं विचारायची आणि बाबूजी स्टुलावर तयारच असायचे. फोन हातात आला की हा माणूस पोवारीत, म्हणजे त्यांच्या समाजाच्या घरगुती बोलीत, बोलायला लागायचा आणि आवाज एकदम मऊ व्हायचा. मला सगळं कळायचं नाही. विचारपूस बहुतेक एकच असायची, जेवलीस काय आणि बरी आहेस काय. बायको लवकर गेल्यावर मुलीला त्यांनीच वाढवलं होतं. तिची वेणीसुद्धा घालायचे, असं त्यांनी मला एकदा फारसं लक्ष नसल्यासारखं सांगितलं होतं.

मीनाचं सासर नागऱ्याच्या पुढे, बिसेन घराण्यात. सासरे दुलीचंदजी यांची राइस मिल होती आणि मिलच्या कंपाउंडातच घर. पुढे त्यांना उसना तांदूळ काढायचा मोठा प्लांट टाकायचा होता. उसना म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तांदूळ. त्याला दक्षिणेत मागणी भरपूर. भांडवलासाठी त्यांनी मिलची कंपनी केली आणि समाजातल्या आणि ओळखीच्या लोकांना शेअर घ्यायला सांगितलं. आता धान भिजवलेलं पाणी दोन दिवसांत आंबतं, काळपट होतं आणि त्याची घाण सुटते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून सगळ्यांनी हेमराजभाऊंनाच विचारलं. तुम्ही बघून या, तुम्ही म्हणाल तर आम्ही पैसे घालतो.

ते बघून आले. मिलच्या मागे बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं, आणि मिलकडून एक नाला त्या बोडीत उतरतो. नाला स्वच्छ होता. दुलीचंदजींनी पाणी मुरवायचा खड्डाही दाखवला. हेमराजभाऊ येऊन म्हणाले, “पाठ साफ हाये,” आणि चाळीसेक घरांनी पैसे घातले. आमच्याही घरातून गेले. माझे यजमान शेअरबाजाराच्या नावाने बोटं मोडणारे, पण तेही म्हणाले, हेमराजभाऊंनी बघितलंय ना, मग झालं. पुढेही ते दर दोन-तीन महिन्यांनी मिलवर जाऊन येत. मुलीची भेट व्हायची आणि नालाही बघून व्हायचा. दरवेळी तोच निकाल.

अशी काही वर्षं गेली. मग बाजार कोसळला त्याच्या जरा आधीची गोष्ट. नागपूरहून एका फंडाचा तरुण अधिकारी आला आणि एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्याने सभा घेतली. विषय हाच, पैसा घालताना कंपनीची वागणूक बघावी. टाय लावलेला, पण बोलायला साधा मुलगा होता. ललितभाईंनी हेमराजभाऊंना पुढच्या रांगेत बसवलं आणि कौतुकाने त्यांची ओळख करून दिली. त्यांनी आपली रीत सांगितली. बाटलीचा किस्सा आला तेव्हा हॉल हसला, टाळ्याही पडल्या.

तो मुलगा मात्र मन लावून ऐकत होता. म्हणाला, “काका, एक विचारू? तुम्ही येणार हे त्यांना आधी माहीत नसतं ना?”

“नाई. सांगून कायले जाऊ?”

“मग बरोबर आहे. आमच्याकडे हीच अडचण होते. सांगून गेलं की त्यांनी केलेली तयारी तेवढी दिसते.”

हेमराजभाऊ खाली बसले. त्यांच्या हातात समोसा होता, तो सभा संपेपर्यंत तसाच राहिला. मला वाटलं, तिखट लागला असेल.

दुसऱ्या दिवशी बाजार सुरू असतानाच ते आले. चपला न काढता माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “बेटा, तुही गाडी हाये काय? मले मिलच्या मागं सोडून देजो. बसनं गेलो तं फाटकापाशी मले सगडे ओळखतेत.”

तेव्हा माझ्याकडे स्कूटी आली होती. वाटेत ते मागे बसून एकच वाक्य बोलले. “समध्याच्या घरी निरोप न धाडता कसा जाऊ?” आमच्याकडे व्याह्याला समधी म्हणतात. मुलीच्या सासरी न सांगता जाऊन उभं राहणं हा त्यांच्यात मोठा उद्धटपणा. जुनी माणसं तर मुलीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. हेमराजभाऊ त्यातलेच, स्वतःची बाटली घेऊन जायचे. परक्यांच्या कारखान्यांवर हा माणूस चोरपावलांनी जायचा, आणि या एकाच मिलवर दरवेळी दोन दिवस आधी निरोप धाडून गेला होता. त्यात आपलं काही चुकतंय हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. आमच्यापैकी कोणाच्याच आलं नसतं.

बोडी जवळ आली तसा वास आला. नाल्याचं पाणी काळं होतं, त्यावर फेस होता आणि काठाचं गवत जळाल्यासारखं झालं होतं. बोडीवर मासे धरणाऱ्या ढीवरांची वस्ती आहे. तिथली एक बाई, सुमनबाई नावाची, घरापुढे बसली होती. तिने त्यांना लगेच ओळखलं.

“मीनाबाईचे बाबूजी ना जी तुमी? आज कसे आले? आज तं पानी चालू हाये.”

“चालू हाये म्हनजे?”

“तुमचा निरोप आला का मिलवाले पानी बंद करतेत ना. मंग दोन दिवस नाला चांगला रायते. आमी सगड्या बाया तवाच धुनं काढतो.” आणि ती अगदी मनापासून म्हणाली, “महिन्यातून दोनदा येत जा ना जी. तुमच्यानं आमाले लई बरं पडते.”

“आन मासोऱ्या?”

“त्या तं कवाच्याच गेल्या.”

हेमराजभाऊ नाल्याच्या काठावर उकिडवे बसले. बाटली पिशवीत होती, पण काढली नाही. मला भीती वाटली, चक्कर वगैरे आली की काय. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, “चाल बेटा. तुले उशीर होऊन राह्यला.”

त्या शनिवारी मीनाचा फोन आला तेव्हा ते पोवारीत बोललेच नाहीत. मला त्यांची बाजू तेवढी ऐकू येत होती. “मीना, तुले वास येत नाई काय घरात? ... मंग सांगतलं काऊन नाई? ... बरं. ... बरं.” फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, “सवय झाली म्हनते.”

आधी ते दुलीचंदजींशी एकट्याने बोलले. दुलीचंदजी वाईट माणूस नव्हते. पाणी साफ करायच्या टाक्यांना खर्च फार येतो, पुढच्या हंगामात बघू, असं म्हणाले. पुढचा हंगाम आला आणि गेला. त्यानंतर हेमराजभाऊ ऑफिसात येऊन नुसते बसायला लागले. भाव विचारत नव्हते, अगदी त्या रसायनाच्या कंपनीचासुद्धा. एव्हाना बाजार कोसळला होता, लोक आमच्या जिन्यात बसून डोकं धरत होते, ललितभाईंना औषध सुरू झालं होतं. हेमराजभाऊंचंही बरंच गेलं असणार. त्यांना त्याचं काही वाटत असल्याचं दिसलं नाही. बोलले तर मीनाचं सासर तुटणार होतं. न बोलले तर चाळीस घरांना आपल्या तोंडाने दिलेला शब्द खोटा, आणि तो खोटा आहे हे माहीत असून ते त्या पैशावर लाभांश घेणार. त्या स्टुलावर बसून ते हे एवढंच करत असणार, कारण एकदा मध्येच मला म्हणाले, “बेटा, पोरीच्या बापानं बोलू नये ना?” आणि उत्तराची वाट न बघता पिशवी उचलून जिना उतरले.

मिलची वार्षिक सभा मिलच्याच अंगणात झाली, मांडव घालून. भागधारक म्हणून मीही यजमानांबरोबर गेले होते. दुलीचंदजींनी नफा सांगितला, टाळ्या झाल्या. घराच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या, त्यांत मीना होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला ती उंच वाटायची, पण ठेंगणीच होती.

हेमराजभाऊ उठले. आवाज चढवला नाही.

“मी तुमाले सांगतलं होतं का पाठ साफ हाये. ते चूक होतं. मी दरवेडी निरोप धाडून जात होतो, म्हनून मले साफ दिसली. निरोप न धाडता गेलो, तं पानी कारं हाये. तुमचे पैसे माह्या शब्दावर आले, म्हनून तुमाले सांगून राह्यलो. टाक्या होत नाई तवपर्यंत मी यातला पैसा घेनार नाई. माहे शेअर मी काढून राह्यलो. तुमचं तुमी पाहा.”

दुलीचंदजी उठून त्यांच्याजवळ आले आणि अगदी हळू, पण पुढच्या रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले, “समधीजी, तुमची पोरगी आमच्या घरी हाये.”

“माहीत हाये,” हेमराजभाऊ म्हणाले. “मीच देल्ली.”

मी ओसरीकडे बघितलं. मीनाने पदर सारखा केला आणि उठून आत गेली. नंतर जेवणं झाली. लोक जेवलेसुद्धा. पंगतीत पाण्याचा विषय कोणी काढला नाही, बुंदी चांगली झाली आहे असं बोलत होते. मीही जेवले. हेमराजभाऊ फाटकातून निघून बसथांब्याकडे गेले होते.

पुढच्या शनिवारी फोन आला. “ताई, बाबूजी आले काय?” ते अजून आले नव्हते. “मंग तुमीच सांगजा. मी बरी आहो म्हना. आता फोन नाई करता येनार.” मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. हेमराजभाऊ आल्यावर मी ते जसंच्या तसं सांगितलं.

“बरी हाये म्हनली ना?”

“हो.”

“मंग बस.”

त्यानंतरही ते शनिवारी दुपारी येत राहिले. फोन वाजला की मी उचलायचे, दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा. त्यांनी मान वर करून बघणंही पुढे सोडलं. मीनाच्या नवऱ्याने तिला माहेर आणि सासर यांतलं एक निवड असं सांगितल्याचं समाजात बोललं जात होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. दोन लहान मुलं होती तिला.

मिलचं म्हणाल तर हेमराजभाऊंचं ऐकून निम्म्या लोकांनी पैसे परत मागितले. आम्हीही मागितले. दुलीचंदजींना ते झेपेना. बाहेरचे भांडवलवाले आले, तर त्यांच्याही कानावर ही गोष्ट गेलेली, तेही आधी पाण्याचं विचारायला लागले. शेवटी टाक्या बांधल्या, यंत्रं बसवली. आमच्या भागातल्या आणखी दोघा-तिघा मिलवाल्यांनीही बांधल्या. आता भागीदारीत पैसे घालायचे म्हटलं की आमच्याकडची माणसं मिलच्या मागे चक्कर मारून येतात, आणि ते न सांगता. “हेमराजी चक्कर” असं त्याला नावच पडलं आहे. दुलीचंदजी पाहुण्यांना हौसेने आपल्या टाक्या दाखवतात म्हणे. नाव मात्र घेत नाहीत. हे सगळं झालं तेव्हा मला फार आनंद व्हायला हवा होता. ऑफिसात बातमी आली, ललितभाईंनी पेढे मागवले. हेमराजभाऊंनी एक उचलला, अर्धा खाल्ला आणि उरलेला दुपट्ट्याच्या टोकात बांधला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते महाशिवरात्रीला. सासूबाईंना घेऊन नागऱ्याच्या मंदिरात गेले होते. दर्शनाची रांग मोठी होती, त्यांना सावलीत बसवलं आणि मला काय वाटलं कोण जाणे, स्कूटी काढून मी मिलच्या मागच्या बाजूला गेले. बोडीच्या काठावर बाया धुणं धूत होत्या. पाणी पाण्याच्या रंगाचं होतं. जरा पलीकडे बाभळीखाली हेमराजभाऊ उभे होते. अंगात पांढरेच कपडे, पण सदरा मळलेला होता. सुमनबाई कपडे पिळता पिळता त्यांना म्हणत होती, “समोरून जा ना जी. पोरगी वर गच्चीवर हाये.”

त्यांनी मला बघितलं, नवल वाटल्याचं दाखवलं नाही. मी म्हटलं, “काका, मी समोरून जाऊन सांगून येऊ? कोणी नाही म्हणणार नाही आज. सणाचा दिवस आहे.”

“नको.”

“निरोप तरी देते तुम्ही आल्याचा.”

“नको, बेटा. सांगून गेलो का ते बरीच दिसन मले.” आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मले खरं पाहाचं हाये.”

कंपाउंडाच्या भिंतीवरून घराची गच्ची दिसत होती. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. हेमराजभाऊ डोळ्यांवर हात धरून बघत होते. मग हात खाली घेतला. “डोऱ्यानं दिसत नाई आता एवढ्या दूरचं. तू पाह्य.”

मी बघितलं. “हिरवी साडी आहे. थोडी जाड झाली आहे. कपडे झटकून वाळत घालते आहे.”

“लंगडत तं नाई?”

“नाही, नीट चालते आहे.”

“हसून राह्यली काय?”

“एकटीच आहे, काका.”

“मंग कायले हसन,” ते म्हणाले.

तिने शेवटचा कपडा घातला, रिकामी बादली उचलली आणि खाली गेली. सासूबाई वाट बघत असतील म्हणून मी निघाले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते अजून गच्चीकडेच बघत उभे होते. तिथे नुसते कपडे वाळत होते.